पाणी घालायची पाळी कोणाची?

नमस्कार श्रोतेहो,

जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो. त्यावर उपाय म्हणून स्नेहमेळावे भरवले जातात, गप्पांचे कट्टे चालवले जातात, आणि तिथे बहुधा अशीच मंडळी जमतात ज्यांना त्यांची फारशी गरज नसते. ज्याला चारचौघांत काय बोलावे हेच सुचत नाही, तो ‘या, ओळखी करून घ्या’ या आमंत्रणाने आणखीच आक्रसतो. मात्र ‘वाफे खणायचे आहेत, माणसे कमी पडत आहेत’ असा निरोप मिळाला, तर तोच माणूस वेळेवर हजर होण्याची शक्यता बरीच वाढते. सामुदायिक भाजीबागा, पडीक जागेवरची वृक्षलागवड, ओढ्याकाठची साफसफाई अशा उपक्रमांबद्दल मी आज बोलणार आहे आणि माझे सगळे बोलणे या एका निरीक्षणाभोवती आहे.

ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात निवृत्त पुरुषांसाठी ‘मेन्स शेड’ नावाच्या सामायिक कार्यशाळा सुरू झाल्या. सुतारकाम करावे, मोडक्या वस्तू दुरुस्त कराव्यात, असे त्यांचे साधे स्वरूप होते. पुरुष समोरासमोर बसून मन मोकळे करत नाहीत, खांद्याला खांदा लावून काम करताना मात्र बोलतात, असे त्या चळवळीतले लोक नेहमी सांगतात. (बायकांनाही हे तितकेच लागू असावे असे मला वाटते, पण त्यांना बोलके गृहीत धरले गेल्यामुळे तिकडे कोणी फारसे पाहिले नसावे.) बागेत तर याला आणखी एका गोष्टीची जोड मिळते. कार्यशाळेतले टेबल आठवडाभर तसेच पडून राहिले तरी त्याचे काही बिघडत नाही, रोप मात्र कोमेजते.

कंपोस्टचा ढीग उलटणारी दोन माणसे जवळून पाहावीत. एकाच्या हातात दाताळे असते, दुसरा पोत्यातला पाचोळा पसरत असतो. ढीग नीट जमला असेल तर त्याच्या पोटातले तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते, वरचा थर बाजूला करताच वाफ निघते आणि नवख्याने उत्सुकतेने आत हात घातला तर तो झटकन मागे येतो. कुजकट वास सुटला असेल, तर ओला कचरा जास्त झाला, आत हवा खेळत नाही, असा त्याचा अर्थ होतो. कोरड्या पाचोळ्यात जास्त असणारा कर्ब आणि ओल्या कचऱ्यात जास्त असणारे नत्र यांचे प्रमाण साधारणपणे २५ ते ३० भागांस १ भाग असावे लागते, हे जाणत्याने सांगायचे आणि नवख्याने आणखी दोन पाट्या कोरडा पाचोळा टाकायचा. या अर्ध्या तासात कोणी कोणाला ‘तुम्ही कसे आहात’ असे विचारलेले नसते. तरीही पुढच्या खेपेला त्यांना एकमेकांचा आवाज ओळखीचा वाटतो आणि ढिगाचे काय झाले हा विषय तयारच असतो.

हिरवाईचा मनावर परिणाम होतो, हे आता केवळ कवींचे म्हणणे राहिलेले नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात संशोधकांनी ५४१ पडीक भूखंड निवडले. त्यांतील काहींवरचा कचरा काढून तिथे हिरवळ आणि थोडी झाडे लावली, काहींवर फक्त साफसफाई केली आणि काही होते तसेच ठेवले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हिरवळ केलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्यांमध्ये स्वतःला खिन्न वाटत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण, काहीच न केलेल्या भूखंडांच्या तुलनेत ४१.५ टक्क्यांनी घटले, तर नुसत्या साफसफाईने तसा ठळक फरक पडला नाही. यातील रहिवाशांनी स्वतः कुदळ हातात धरली नव्हती, हे ध्यानात ठेवायला हवे. म्हणजे नजरेचे समाधान वेगळे आणि माणसे जोडली जाणे वेगळे. हिरवळ कंत्राटदारही लावून देईल. शेजाऱ्यांची ओळख मात्र त्या कंत्राटात बसत नाही.

ओळख होते ती निगा राखताना. लागवडीच्या दिवशी गर्दी लोटते, छायाचित्रे निघतात, आणि महिन्याभराने तण गुडघ्याएवढे वाढते तेव्हा खुरपे घेऊन बसायला चार जण उरतात. जर्मनीतील लाइपझिग शहरातला दीडशे वर्षांपूर्वीचा किस्सा मला या संदर्भात फार बोलका वाटतो. डॉक्टर श्रेबर यांच्या नावाने १८६५ साली तिथे मुलांसाठी खेळाचे मैदान सुरू झाले आणि मुलांनी बागकाम शिकावे म्हणून गेझेल नावाच्या शिक्षकाने मैदानाच्या कडेला लहान वाफे आखून दिले. मुलांचा उत्साह लवकरच ओसरला, वाफ्यांत तण माजले, तेव्हा आईवडिलांनीच ते हाती घेतले, कुंपणे घातली आणि तिथे सगळे कुटुंब रमू लागले. जर्मनीत आजही अशा बागांना श्रेबर यांच्याच नावाने ओळखतात, जरी बाग लावण्याची कल्पना त्यांची नव्हती आणि मैदान सुरू होण्यापूर्वीच, १८६१ मध्ये, ते वारले होते.

तेव्हा अशा उपक्रमाचा खरा कणा म्हणजे पाण्याच्या पाळ्यांचा तक्ता. नळाजवळ टांगलेल्या त्या कागदावर आपले नाव असते, म्हणजे त्या दिवशी आपल्यावाचून काहीतरी अडणार असते. निवृत्तीनंतर, घर बदलल्यानंतर किंवा जोडीदार गेल्यानंतर माणसाला सर्वांत जास्त सलते ते हेच, की आपल्यावाचून कोणाचेच काही अडत नाही. ती जाणीव सहानुभूतीच्या शब्दांनी जात नाही. उन्हाळ्यात झारी घेऊन जावेच लागते तेव्हा ती थोडी मागे हटते. आपण आलो नाही म्हणून कोणीतरी फोन करते, त्यात थोडी तक्रार असते आणि थोडी काळजीही.

तक्रारींना घाबरू नये, त्या होणारच. एकाने वाढवलेले टोमॅटो दुसऱ्याने तोडले, अवजारे चिखलासकट ठेवली गेली, कोणी तीन पाळ्या चुकवल्या. सामायिक साधनसंपत्ती लोक स्वतः कशी सांभाळतात याच्या अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जिथे वापरणारेच नियम ठरवतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात आणि चुकणाऱ्याला आधी सौम्य व मग कडक समज देतात, तिथे व्यवस्था टिकते, असे त्यांना जगभर आढळले. बागेपुरते बोलायचे तर नियम थोडे असावेत आणि ते बाग लावणाऱ्यांनीच बसून ठरवावेत. इंग्लंडमधील टॉडमॉर्डन या छोट्या गावाने २००८ पासून चोरीचा प्रश्न मुळातच काढून टाकला: पोलीस ठाण्यापुढे, आरोग्य केंद्राजवळ, रेल्वे स्थानकावर भाज्या आणि मसाल्याच्या वनस्पती लावल्या आणि कोणीही तोडून न्याव्यात असे जाहीर केले. हे सगळीकडे जमेल असे नाही. वाटणीची पद्धत मात्र पहिले पीक येण्याआधी ठरलेली बरी.

जमिनीचे मात्र आधी पाहावे लागते. शहरातल्या जुन्या भूखंडांच्या मातीत शिसे असू शकते, म्हणून तपासणी करून घ्यावी आणि शंका असल्यास बाहेरची चांगली माती भरून उंच वाफे करावेत. मालकीचा प्रश्न त्याहून अवघड असतो. न्यूयॉर्कमध्ये लिझ क्रिस्टी या चित्रकर्तीने १९७३ साली शेजाऱ्यांच्या मदतीने राडारोड्याने भरलेला एक कोपरा साफ करून बाग केली, पुढच्या वर्षी महापालिकेने ती जागा महिना १ डॉलर भाड्याने दिली, आणि तिच्यामागून त्या शहरात शेकडो बागा उभ्या राहिल्या. १९९९ साली त्यांपैकी शंभराहून अधिक बागांच्या जागा लिलावात काढण्याचे शहराने ठरवले. इतकी वर्षे वाफ्यांवर भेटणारे लोक तेव्हा निदर्शनांत भेटले आणि अखेर दोन संस्थांनी त्या जागा विकत घेतल्या. पडीक म्हणून मिळालेल्या जागेची किंमत ती हिरवी झाली की वाढते, म्हणून निदान काही वर्षांचा लेखी करार पहिल्याच महिन्यात करून घ्यावा.

आपल्यापैकी कोणाला अशा उपक्रमात जावेसे वाटत असेल, तर लागवडीच्या समारंभाला गेले नाही तरी चालेल. तो उरकल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, एखाद्या कामाच्या दिवशी जावे, तक्त्यावर कोणता वार रिकामा आहे हे विचारावे आणि झेपेल असा एकच वार आपल्या नावावर लिहून घ्यावा. नमस्कार.