लाकूड, लॅमिनेट आणि मुंबईचं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस लागला की मुंबईतल्या बहुतेक घरांत एखादं तरी दार फुगतं. मे महिन्यात एका बोटानं लागणारं दार जुलैत खांदा लावून ढकलावं लागतं. मग सुताराला बोलावणं जातं, तो रंधा मारून कड उतरवून देतो, आणि दिवाळीनंतर त्याच दाराला फट दिसायला लागते. आज मला लाकडी फरशीबद्दल बोलायचं आहे, आणि सुरुवात या दारापासूनच करायला हवी. लाकडी फरशी म्हणजे अशीच चाळीस अरुंद दारं, एकमेकांना खेटून जमिनीवर आडवी घातलेली.

मी गेली २२ वर्षं मुंबईत घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते. ‘ताई, खाली लाकूड घालायचं की लॅमिनेट?’ हा प्रश्न पूर्वी क्वचित यायचा. आता पुनर्विकासात नवं घर मिळालेली माणसं किल्ली हातात आली की आधी हेच विचारतात. दुकानातले वीतभर नमुने पाहिले तर दोन्हींतला फरक चटकन कळत नाही. भाव विचारला तर लाकडाचा आकडा लॅमिनेटच्या कित्येक पट. मग वाटतं, दिसायला सारखंच आहे तर स्वस्तातलं घेतलं म्हणून बिघडलं कुठे? कुठे बिघडतं आणि केव्हा बिघडतं, तेच सांगते.

अस्सल लाकडाची पट्टी म्हणजे वरपासून खालपर्यंत लाकूडच. साधारण १८ ते २० मिलिमीटर जाड, एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला त्या खाचेत बसणारी जीभ. पॉलिश उडालं, ओरखडे पडले, तर यंत्रानं घासून पुन्हा पॉलिश करता येतं, आणि एकदा नाही, अनेकदा. लॅमिनेटचा गाभा असतो एचडीएफचा. लाकडाचे अगदी बारीक तंतू करायचे, त्यात चिकटद्रव्य घालायचं आणि उष्णता व दाब देऊन त्यांचा घट्ट तक्ता करायचा, तो एचडीएफ. त्याच्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद, आणि कागदावर मेलामाइनचा पारदर्शक थर. या थरात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. ते फार कठीण, त्यामुळे खुर्ची सरकवली तरी ओरखडा सहज उठत नाही. या बाबतीत लॅमिनेट सागाच्या वर आहे, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. स्वीडनमधल्या पर्स्टॉर्प या कंपनीनं १९७७ मध्ये अशी फरशी तयार केली. गोंद न लावता पट्ट्या एकमेकींत अडकवायची ‘क्लिक’ पद्धत त्यानंतर, १९९० च्या दशकात आली. आज एक खोली एका दिवसात होते ती या पद्धतीमुळे.

आता दाराकडे परत येऊ. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि हवा कोरडी झाली की तो सोडून देतं. पिताना फुगतं, सोडताना आकसतं. हे होतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. साग हा कमी हलणाऱ्या लाकडांपैकी, तरीही हिशेब करून बघा. ७५ मिलिमीटर रुंदीची सागाची पट्टी हिवाळ्यातल्या कोरड्या दिवसांतून भर पावसाळ्यात आली की अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फुगू शकते. एका पट्टीत हे डोळ्यांना दिसतही नाही. पण दहा फूट रुंदीच्या खोलीत अशा ४० पट्ट्या बसतात. म्हणजे झाले २० मिलिमीटर, चांगले दोन सेंटिमीटर. एवढं वाढलेलं लाकूड जाणार कुठे? भिंतीपाशी जागा असेल तर तिकडे सरकेल. नसेल तर खोलीच्या मधोमध फरशी कमानीसारखी वर उठेल. म्हणून चारी भिंतींपासून १० ते १२ मिलिमीटर फट सोडतात आणि ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी बसवलेल्या पट्टीखाली, झाकतात. लॅमिनेटलाही फट लागतेच. काही मिस्त्री ही फट दिसायला बरी नाही म्हणून पांढऱ्या सिमेंटनं भरून टाकतात. त्या दिवशी कामावर रजा टाका, पण घरी उभे राहा आणि ती भरू देऊ नका.

म्हणजे मुंबईच्या हवेत लाकूड टिकतच नाही, असं समजू नका. याच शहराच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी सागाचं बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं, आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. सागाच्या गाभ्यात स्वतःचं तेल असतं, वाळवीसुद्धा त्याच्या वाटेला सहसा जात नाही. ओला झालेला साग फुगतो, पण वाळला की बराचसा जागेवर परत बसतो. लॅमिनेटच्या गाभ्याचं तसं होत नाही. दाबून बसवलेले तंतू पाणी मिळताच आपली मूळ जागा मागायला लागतात. सांध्याची कड वर येते आणि वाळल्यावरही तशीच राहते. घासून सपाट करावी तर वरचा कागदच निघून जातो. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणतो ते वरच्या थरापुरतं खरं असतं. पाणी शिरतं ते दोन पट्ट्यांच्या सांध्यातून.

मुलुंडच्या एका घराची गोष्ट सांगते. तिथल्या लॅमिनेटचं काम मीच केलं होतं. सगळं कुटुंब गणपतीला कोकणात गेलं आणि हॉलची सरकती खिडकी बोटभर उघडी राहिली. पाच दिवस पावसाची झड आत येत होती. माणसं परत आली तेव्हा खिडकीखालच्या तीन ओळी कडांनी उचललेल्या होत्या, पाय ठेवला की टोचायच्या. तीनच ओळी बदलायच्या, काम लहान होतं. पण त्या रंगाचा माल एव्हाना बाजारातून बंद झाला होता. शेवटी सबंध हॉल बदलावा लागला. त्या घरातल्या आजोबांनी पेन्शनमधून पैसे बाजूला काढून ती फरशी करून घेतली होती. खिडकीखाली दोन फूट लादी तशीच ठेवा, असं मी त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं. ते मला अजून लागतं.

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. सागाच्या तुळया, त्यांच्यावर फळ्या, आणि वरच्या बिऱ्हाडात कोण चालतंय ते खाली पावलांच्या आवाजावरून कळायचं. पण त्या लाकडी घरात मोरी दगडाची होती. शहाबादी फरशी, आणि भोवती चार बोटं उंचीचा कट्टा. मोरीतून बाहेर आलेल्या माणसानं गोणपाटावर पाय पुसल्याशिवाय पुढे यायचं नाही, हा माझ्या आजीचा नियम, आणि तो पाहुण्यांनाही लागू असायचा. बांधणाऱ्यानं लाकडाची आणि पाण्याची हद्द आखून दिली होती, घरातली माणसं ती पाळत होती. आजच्या फ्लॅटमध्ये ती हद्द आपली आपण आखावी लागते. स्वयंपाकघर, बाथरूमच्या दारापुढची जागा, बाल्कनीच्या दारालगतचा पट्टा, मुख्य दाराच्या आत ओल्या छत्र्या आणि चपला येतात तो कोपरा, इथे लादीच राहू द्या. नळ गळणार, वॉशिंग मशीनचा पाइप कधीतरी निसटणार, आणि स्वयंपाकघरात कोणीतरी जमिनीवर बसून नारळ फोडणारच.

दुसरा प्रश्न लादी पुसण्याचा, आणि मी तो पहिल्या भेटीतच विचारते. तुमच्याकडे रोज कोण पुसतं आणि कसं? मुंबईत निथळणारं फडकं, फिनेलची बादली आणि पाण्याचा सपासप हात, ही स्वच्छतेची रीत आहे आणि लादीला ती मानवते. लॅमिनेटवर आणि लाकडावर फडकं घट्ट पिळलेलं हवं, पुसल्यावर मिनिटभरात जमीन कोरडी व्हायला हवी. घरी पुसायला मावशी येत असतील तर निर्णय होण्याआधी त्यांच्याशी बोला, नमुन्याची पट्टी त्यांना दाखवा. फरशी रोज त्यांच्याच हाताखालून जाणार आहे.

आता माझं मत. तळमजल्यावर राहत असाल आणि गल्लीत पाणी भरत असेल, तर दोन्ही नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यांवर काय झालं ते पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तिथे लाकडाच्या रेषांची लादी बसवा किंवा एसपीसीच्या पट्ट्या घाला, त्यांचा गाभा दगडाच्या भुकटीचा आणि प्लास्टिकचा असतो, तो पाण्यानं फुगत नाही. वरच्या मजल्यावर झोपायच्या खोलीला लॅमिनेट घ्या, खुशाल घ्या. फक्त एसी ३ किंवा एसी ४ दर्जाचं बघा. यातल्या ‘एसी’चा वातानुकूलनाशी संबंध नाही, ते झिजेला टिकण्याचं माप आहे. भाड्याचं घर असेल किंवा दहा-बारा वर्षांनी बदलायची तयारी असेल, तर लॅमिनेटसारखी सोय नाही.

अस्सल साग घ्यायचा तर सगळ्या घराला घेऊ नका, एका खोलीला घ्या, आणि जुना घ्या. रे रोडच्या वखारींतून पाडलेल्या इमारतींचा साग मिळतो. तो कित्येक दशकं मुरलेला असतो, त्यामुळे नव्या लाकडापेक्षा शांत असतो. सुताराला सोबत न्या. खिळे काढल्याची भोकं चालतील, पण कडेचा पांढरा भाग पट्टीत येऊ देऊ नका, कीड लागते ती त्यालाच. साग घनफुटावर विकतात. १२० चौरस फुटांच्या खोलीला १८ मिलिमीटर जाडीनं नक्त सात घनफूट लाकूड लागतं. चिराई, रंधा आणि काढून टाकलेला पांढरा भाग धरला तर दहाच्या आसपास घ्यावं लागेल. लॅमिनेट आणि अस्सल लाकूड यांच्या मधला मार्ग म्हणजे इंजिनिअर्ड लाकूड, वर २ ते ४ मिलिमीटर खरं लाकूड आणि खाली आडवेउभे थर. ते कमी हलतं. रात्री एसी आणि दिवसा उघड्या खिडक्या असतात त्या घरांत मी बऱ्याचदा हेच सुचवते.

काहीही निवडा, पण खालची जमीन कोरडी हवी. नवा सिमेंटचा थर ५० मिलिमीटर जाड असेल तर चांगल्या हवेतही वाळायला दोन महिने घेतो, पावसात त्याहून जास्त. वरून पांढरा दिसला म्हणून वाळला असं नसतं. दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा कागद जमिनीवर पसरून चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करा आणि दुसऱ्या दिवशी उघडून बघा. आत थेंब जमले असतील तर थांबा. जुन्या लादीवर लॅमिनेट बसतं, पण लादी सपाट असायला हवी, नाहीतर चालताना पोकळ आवाज येतो आणि सांधे सुटतात. लादीवर पट्ट्या आल्या की जमीन उंच होते, म्हणून खालच्या कडेनं दारं तासावी लागतील, तो खर्च आधीच धरा.

काम दिवाळी उलटल्यावर लावा. लॅमिनेटची खोकी बसवण्याआधी दोन दिवस त्याच खोलीत आडवी ठेवा, साग असेल तर किमान पंधरा दिवस, मध्ये हवा खेळेल असा रचून. मिस्त्री घाई करेल, त्याला पुढचं काम असतं, पण तुम्ही करू नका. आणि माल घेतानाच एक खोकं जास्त घ्या, उरलेल्या पट्ट्या पलंगाखाली आडव्या ठेवून द्या. मुलुंडच्या त्या घरात एवढं एक खोकं असतं, तर तीन ओळींवर भागलं असतं.

नमस्कार.