ऑम्नीचा सरकता दरवाजा जड झाला आहे? ग्रीसचा डबा आधी बाजूला ठेवा

नमस्कार. आज आपण जुन्या व्हॅनच्या सरकत्या दरवाज्याची दुरुस्ती पाहणार आहोत, आणि त्यासाठी समोर उभी आहे मारुती ऑम्नी. ही गाडी १९८४ साली नुसती ‘मारुती व्हॅन’ म्हणून रस्त्यावर आली, १९८८ साली तिला ऑम्नी हे नाव मिळाले आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. तरीही मार्केट यार्डातल्या भाजीपासून मंगल कार्यालयातल्या भांड्यांपर्यंत पुण्यातले बरेच ओझे ती अजून वाहते आहे. ज्यांच्याकडे ईको आहे त्यांनाही आजचे बहुतेक सांगणे लागू पडेल, कारण बोल्ट आणि सुटे भाग वेगळे असले तरी दरवाजा सरकण्याची पद्धत तीच आहे.

या दरवाज्याबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. तो जड सरकतो, शेवटच्या वितभर अंतरात अडतो, जोरात आपटल्याशिवाय लागत नाही, खड्ड्यांत खडखडतो आणि पावसाळ्यात त्याच्याखाली पाणी साचते. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे रुळांमध्ये भरपूर ग्रीस भरणे आणि दरवाजा आणखी जोरात आपटणे. माझ्या मते या दोन गोष्टींनी जितके दरवाजे खराब झाले आहेत तितके ते वयाने झालेले नाहीत. दरवाजा नेमका कुठे अडतो आहे हे शोधायला दहा मिनिटे दिली, तर पुढचा खर्च बहुतेक वेळा काही शे रुपयांत आटोपतो.

आधी रचना समजून घेऊ. दरवाजा तीन रुळांवर चालतो. एक रूळ वर, छताच्या कडेला आहे. दुसरा खाली, पायरीच्या आत आहे. आणि तिसरा बाहेरच्या बाजूला, मागच्या पत्र्यावर मधोमध आडवा गेलेला दिसतो. रुळात फिरणारी छोटी चाके म्हणजे रोलर. वरचा आणि खालचा रोलर दरवाज्याच्या पुढच्या कडेला बसवलेले आहेत, मधला रोलर मागच्या कडेला आहे. दरवाज्याचे वजन मुख्यतः खालचा आणि मधला रोलर पेलतात. वरच्याचे काम दरवाजा बाहेर कलू न देणे एवढेच आहे. तिन्ही रूळ पुढच्या टोकाला आत वळलेले आहेत, त्यामुळे बंद होताना दरवाजा नुसता पुढे न जाता आतही ओढला जातो. रोलर झिजलेला असेल तर तो सरळ भागात कसाबसा चालतो आणि या वळणावर तिरका होऊन अडतो. ‘शेवटच्या वितभरात अडतो’ या तक्रारीचे मूळ बहुधा याच वळणावर सापडते.

आता तपासणी. गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, आणि चढावर हे काम मुळीच करू नका, कारण मोकळा झालेला दरवाजा आपल्या वजनाने सरकतो आणि बोटे सापडतात. दरवाजा अर्धा उघडा. त्याची मागची कड दोन्ही हातांनी धरून वर उचलून पाहा. ती स्पष्टपणे वर-खाली हलत असेल तर मधला रोलर किंवा त्याची पिन झिजली आहे. मग हेच पुढच्या कडेला करा. तिथे हालचाल दिसली तर दोष खालच्या रोलरचा आहे. दरवाज्याचा वरचा भाग आत-बाहेर डुलत असेल तर वरचा रोलर गेला आहे, आणि खड्ड्यांतला खडखडाट बऱ्याचदा त्याचाच असतो. यानंतर दरवाजा बंद करून थोडे लांब उभे राहा आणि दरवाज्यावरची पत्र्याची घडी मागच्या पत्र्यावरच्या घडीशी एका रेषेत आहे का ते पाहा. दरवाज्याची रेषा मागे खाली उतरली असेल, तर लॉक आपटल्याशिवाय का लागत नाही याचे उत्तर तुम्हाला मिळाले आहे.

इथे थोडे थांबून स्ट्रायकरविषयी बोलणे आवश्यक आहे. दरवाज्यातले लॉक मागच्या खांबावरच्या ज्या लोखंडी भागाला पकडते तो हा स्ट्रायकर. तो दोन स्क्रूंनी बसवलेला असतो आणि सैल करून थोडा हलवता येतो, म्हणून दरवाजा लागेनासा झाला की अनेक जण पहिला हात त्यालाच घालतात आणि तो खाली सरकवतात. दरवाजा त्या दिवशी लागतो, हे खरे आहे. पण खाली आलेला दरवाजा खालीच राहतो, रोलर आणखी झिजतो, आणि काही महिन्यांनी स्ट्रायकर हलवायला जागाच उरत नाही. शिवाय नवीन रोलर टाकल्यावर दरवाजा मूळ उंचीवर येतो आणि मग हलवलेला स्ट्रायकर चुकीच्या जागी असतो. म्हणून स्ट्रायकरला हात सर्वांत शेवटी लावायचा, आणि लावण्यापूर्वी त्याच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून ठेवायची.

स्वच्छतेपासून सुरुवात करू. खालच्या रुळात वर्षानुवर्षांची माती, वाळू आणि जुने ग्रीस मिळून काळी लापशी झालेली असते. पुण्यात ज्या प्रमाणात रस्ते खणले जातात आणि बांधकामे चालतात, ते पाहता यात नवल नाही. ही लापशी वंगण राहिलेली नसते. तिच्यातली वाळू रोलरला पॉलिश पेपरसारखी घासत असते. आधी कोरड्या ब्रशने आणि जुन्या पेचकसाच्या टोकाने घट्ट झालेला थर उकरून काढा. नंतर ग्रीस विरघळवणाऱ्या द्रावणात कापड ओले करून पुसा. रॉकेल आता सहजासहजी मिळत नाही, त्यामुळे रंगाच्या दुकानातले टर्पेंटाइन वापरावे. मात्र ते रबरावर आणि गाडीच्या रंगावर सांडू देऊ नका, आणि जवळपास कोणी विडी-सिगारेट ओढणार नाही याची काळजी घ्या. पाण्याचा जोरदार फवारा मारण्याचा मोह टाळावा, कारण त्याने माती कोपऱ्यात आणि बेअरिंगमध्ये जाऊन बसते. रूळ पत्रा दिसेपर्यंत स्वच्छ झाला की दरवाजा पुन्हा चालवून पाहा. बऱ्याच गाड्यांचे काम इथेच संपते, आणि तोपर्यंत खर्च झालेला असतो फक्त एका बाटलीचा.

तरीही कडांची हालचाल कायम असेल तर रोलर बदलावे लागतील. सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ आहेच. जाताना जुना रोलर काढून सोबत न्यावा, किमान त्याचा मोबाइलवर नीट फोटो तरी काढावा, कारण डाव्या आणि उजव्या बाजूचे ब्रॅकेट, म्हणजे रोलर दरवाज्याला धरून ठेवणारे लोखंडी भाग, एकमेकांच्या उलट असतात आणि गाडीच्या सालानुसारही फरक पडतो. दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: चाक बेअरिंगवर फिरते का, आणि रोलर सुटा मिळतो की ब्रॅकेटसकट. ब्रॅकेट वाकलेले नसेल आणि पिन घट्ट असेल तर सुटा रोलर पुरतो. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात हँडल, आतली पॅनेल, रुळावरची झाकणे अशा वस्तू जरूर शोधाव्यात. जुने रोलर मात्र तिथून घेऊ नयेत, कारण ते तुमच्या रोलरइतकेच झिजलेले असण्याची शक्यता अधिक आहे. सरकत्या खिडक्यांचे किंवा फर्निचरचे रोलर बसवण्याची युक्तीही काही जण सांगतात. ते रोलर एवढ्या वजनासाठी आणि धक्क्यांसाठी बनवलेले नसतात, आणि चालत्या गाडीत दरवाजा निखळला तर वाचवलेल्या पैशांना काही अर्थ उरत नाही.

रोलर बदलण्यासाठी संपूर्ण दरवाजा उतरवण्याची गरज बहुधा पडत नाही. दरवाजा अर्धा उघडा ठेवा, त्याच्या खालच्या कडेखाली जॅक लावा, आणि जॅक व पत्रा यांच्यामध्ये लाकडी फळी व जाड कापड ठेवा. जॅकने दरवाजा उचलायचा नाही. त्याचे वजन जेमतेम पेलले जाईल इतकाच टेकवायचा. एक माणूस दरवाजा धरून उभा राहील अशी व्यवस्था करा. ब्रॅकेट जिथे बसले आहे तिथे मार्करने बाह्यरेषा काढा, कारण त्याची भोके लांबट असतात आणि दरवाज्याची उंची त्यांवरूनच ठरते. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल फवारून ठेवा. स्टार स्क्रू सुटत नसेल तर पेचकस त्याच्या डोक्यात घट्ट बसवून वरून हातोडीचे दोन-तीन ठोके द्या आणि मग फिरवा. नुसत्या जोराने फिरवल्यास स्क्रूचे डोके गोल होते आणि पुढचे काम ड्रिलवर जाते. एका वेळी एकच रोलर काढा, नवा बसवा, बोल्ट आधी हाताने लावा, रेषा जुळवा आणि मगच पान्याने आवळा. सगळे रोलर एकदम सोडले तर दरवाजा हातात येतो आणि तो पुन्हा जुळवताना दिवस जातो.

आता ग्रीसचा डबा जवळ घ्यायला हरकत नाही. मधल्या आणि वरच्या रुळात पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ थर बोटाने फिरवावा आणि दिसणारे जास्तीचे ग्रीस पुसून टाकावे. खालच्या रुळाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे: तो पायाखाली उघडा असतो, चपलांची माती थेट त्यात पडते, म्हणून तिथे ग्रीस न लावता सिलिकॉनचा हलका फवारा मारून तो जवळजवळ कोरडा ठेवावा आणि ग्रीस फक्त रोलरच्या पिनेवर द्यावे. डब्ल्यूडी-४० हा फवारा अनेकांच्या घरी असतो. तो ओल घालवायला आणि गंज सैल करायला उत्तम आहे, पण त्याचा थर फार काळ टिकत नाही, त्यामुळे त्यानंतर खरे वंगण द्यावेच लागते. दरवाज्याच्या कडेच्या रबराला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये, त्याने रबर फुगते आणि मऊ पडते. रबराला सिलिकॉनच द्यावे.

लॉकची परीक्षा दरवाजा उघडा असतानाच घ्यायची. लॉकची जीभ पेचकसाने ढकलून बंद स्थितीत आणा आणि बाहेरचे हँडल ओढा. जीभ सुटली पाहिजे. पुन्हा ढकला आणि आतले हँडल ओढा. दोन्हींनी जीभ सुटत असेल तर लॉक निर्दोष आहे. आतल्याने सुटते आणि बाहेरच्याने सुटत नाही, असे असेल तर बाहेरच्या हँडलपासून लॉकपर्यंत जाणाऱ्या सळईची प्लास्टिकची क्लिप तुटलेली असते. मुलांच्या सुरक्षेसाठी दिलेले चाइल्ड लॉक असेल तर ते लागलेले नाही ना, हेही पाहून घ्या. ते लागले की आतले हँडल चालत नाही आणि माणूस उगाच पॅनेल खोलत बसतो. क्लिप बदलायला आतले पॅनेल काढावे लागते. ऑम्नीच्या या दरवाज्याची काच आडवी सरकते, त्यामुळे आत काच चढवण्या-उतरवण्याची यंत्रणा नसते आणि हात घालायला जागा मिळते. पत्र्याच्या कडा धारदार असतात, हातमोजे घाला. क्लिप मिळेपर्यंत सळई बाइंडिंग वायरने बांधून काम चालवता येते, पण ती तात्पुरती सोय समजावी. परीक्षा संपल्यावर हँडल ओढून जीभ मोकळी करायला विसरू नका. जीभ बंद असताना दरवाजा ढकलला तर ती स्ट्रायकरवर आदळून वाकते.

पाण्याचा प्रश्न जून उजाडण्यापूर्वीच सोडवावा. कागदाची पट्टी रबर आणि पत्रा यांच्यामध्ये धरून दरवाजा बंद करा आणि पट्टी ओढा. जिथे ती सहज निघते तिथे रबर दबलेले आहे. रबर एकाच ठिकाणी बसले असेल तर त्याच्या मागे पातळ फोमची पट्टी चिकटवून ते उचलता येते. ते जागोजागी तडकले असेल तर नवीन घेणे स्वस्त पडते. दरवाज्याच्या तळाशी पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती मातीने बुजली की काचेच्या फटीतून आत गेलेले पाणी दरवाज्यातच राहते आणि पत्रा आतून गंजतो. सायकलच्या स्पोकने ती हळूच मोकळी करा.

गंज वरवरचा असेल तर तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने तो घासून काढा, गंजरोधक द्रावण लावा, ते पूर्ण वाळू द्या, मग प्रायमर आणि रंगाचे पातळ हात द्या. रुळाच्या आत रंगाचा जाड थर देऊ नये, रोलर त्यात पुन्हा अडतो. मात्र खालचा रूळ किंवा पायरीचा पत्रा पेचकसाच्या टोचण्याने आत जात असेल, तर तिथे पुट्टी भरून रंग मारणे ही निव्वळ फसवणूक आहे, आणि गाडी विकत घेताना तुम्हीही या जागी अवश्य टोचून पाहावे. असा पत्रा कापून नवीन जोडावा लागतो. हे काम घरी करू नये, कारण वेल्डिंगच्या ठिणग्या, पेट्रोलची टाकी आणि अनेक ऑम्नींमध्ये असलेला गॅसचा सिलेंडर ही सगळी एकाच छोट्या गाडीत असतात. डेंटरकडे गाडी देताना सिलेंडर बसवलेला असल्याचे त्याला आधीच सांगा, वेल्डिंगपूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा, आणि नवीन घेतलेले रोलर त्याच्याकडे पत्र्याचे काम पूर्ण झाल्यावरच बसवायला द्या.