खुर्द म्हणजे धाकटं

(दृश्य : सकाळ. पुण्यातला राजाराम पूल, खाली मुठेचं पात्र.)

या पुलावर उभं राहिलं की एका काठाला कर्वेनगर, दुसऱ्या काठाला विठ्ठलवाडी. कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्व्यांनी १९०० साली विधवांच्या आश्रमासाठी झोपडी उभी केली, ती या हिंगण्यात. आणि विठ्ठलवाडी आहे ती हिंगणे खुर्दची. नाव एकच, मध्ये नदी. बुद्रुक ते मोठं, खुर्द ते लहान.

(दृश्य : पाट्या. कोंढवा खुर्द, वडगाव खुर्द, आंबेगाव खुर्द.)

दोन्ही शब्द फारसी. ‘बुजुर्ग’चं आपल्या तोंडी बुद्रुक झालं. महसुलाची दप्तरं फारसी वळणाने लिहिली जायची तेव्हापासून ते गावांना चिकटले. पुढे शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले गेले. पण गावामागचं खुर्द काही निघालं नाही. आज दोन्ही कोंढव्यांत सारख्याच उंच इमारती आहेत, तरी पत्ता सांगताना माणूस सहज ‘खुर्द’ म्हणतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. बुजुर्ग म्हणजे वडीलधारा. मग खुर्द हे धाकटं भावंडच की.

खुर्दा त्याच घरातला. बटव्यात खुळखुळणारी मोड, सुटे पैसे. हातातली बरणी फरशीवर पडली की तिचाही खुर्दाच होतो.

(दृश्य : स्वयंपाकघरातलं फडताळ. कॅमेरा हळूहळू जवळ.)

मराठीला मात्र लहान म्हणायला दरवेळी वेगळा शब्द लागत नाही. लिंग बदललं की काम झालं. डबा, डबी. दोर, दोरी. सुरा, सुरी. खुंट, खुंटी. ही हिंगाची डबी बघा. मुठीत मावेल एवढी, झाकण घट्ट. वर्षभराच्या धान्याचे डबे खाली, ही हाताशी. उघडली की ओसरीवरच्या माणसाला कळतं, फोडणी पडतेय. आणि जीव लहान असला, तर आपण त्याला ‘ते’ म्हणतो. वासरू, कोकरू, शिंगरू, लेकरू.

वाईट अर्थाचं लहानपण भाषेने वेगळं काढून ठेवलंय. मन कोतं असतं, वागणं हलकं असतं. या जागी आपण सहसा ‘लहान’ म्हणत नाही. आणि ‘कमीपणा’ची गंमत अशी, की तो येतो तेव्हा बोचतो, पण घेताही येतो. दोन भावंडं भांडली की आई थोरल्याला म्हणते, “तू मोठा ना? मग घे कमीपणा.” धाकट्याला नाही म्हणत. हे वाक्य मला मराठीतल्या सगळ्यात सुंदर वाक्यांपैकी एक वाटतं.

(दृश्य : विठ्ठलवाडीचं देऊळ, टाळांचा आवाज.)

आता तुकोबांचं ‘लहानपण देगा देवा’. बालपणीचा फोटो लावून त्याखाली हे लिहिलेलं आपण कितीदा वाचतो. पण तुकोबा इथे बालपण मागत नाहीत. पुढचंच चरण ऐका : मुंगीला साखरेचा रवा मिळतो, आणि ऐरावत एवढा थोर, त्याला अंकुशाचा मार. मागणं आहे ते लहान असण्याचं. वय कितीही असो. बालपणाची आठवण गोडच असते, पण अभंगाचा हा अर्थ हरवला तर आपलं फार नुकसान आहे.

तुकोबांच्याच दुसऱ्या एका अभंगात, ‘नीचपण बरवें देवा’मध्ये, महापूर येतो. झाडं वाहून जातात, लव्हाळे वाचतात.

(दृश्य : पुन्हा नदीकाठ. पाण्याजवळचं गवत.)

महापूर या नदीला माहीत आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि मुठा पुण्यात शिरली. एरवीही पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडतात, तेव्हा हा काठ बुडतो. पाणी चढतं तसं गवत आडवं होतं, दिसेनासं होतं. ओसरल्यावर त्याच्या पात्यांवर गाळ असतो, वाहत आलेली चिंधी अडकलेली असते.

(गवतावर स्थिर. पाण्याचा आवाज.)

दोन-चार उन्हं पडली की गाळ वाळून झडतो, आणि पाती उभी राहतात.