ताकारीला उतरा, किर्लोस्करवाडीला चढा

श्रोतेहो, नमस्कार.

गोष्ट एवढीशीच आहे. फेब्रुवारीतल्या एका सकाळी माझ्या अकरा वर्षांच्या मुलीनं द्राक्षाचा घड हातात धरून विचारलं, "आई, हे झाडाला लागतं, का कलिंगडासारखं जमिनीवर पसरतं?" माझा हात चुलीवरच्या दुधाकडे जाता जाता थांबला. आम्ही सांगलीचे. हंगामात आमच्या घरात पेटीनं द्राक्षं येतात, वर्षभर बेदाण्याचा डबा भरलेला असतो. आणि या पोरीनं द्राक्षबाग आतून पाहिलेली नाही. चूक तिची नव्हती. त्याच रविवारी आम्ही दोघी निघालो. आज तुम्हाला सांगायचं आहे ते त्या एका दिवसाबद्दल.

मोटारीनं जायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. मोटारीतून बाग म्हणजे नुसती हिरवी भिंत, खिडकीबाहेर पळणारी. सांगली स्टेशनातून पुण्याकडे जाणारी सकाळची पॅसेंजर पकडली. माधवनगर, नांद्रे, मग येरळा नदीचा पूल. पाणी तळाशी, दोन्ही काठांना ऊस. भिलवडी, किर्लोस्करवाडी मागे टाकून ताकारीला उतरलो. छोटं स्टेशन. गाडी निघून गेली की एकदम शांत होतं आणि मग चिमण्यांचा आवाज येतो. या मार्गावर लहान स्टेशनांवर थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच आहेत. म्हणून जायच्या आदल्या दिवशी जाण्याची आणि परतीची, दोन्ही वेळा स्टेशनवर विचारून ठेवा.

ताकारीपासून सागरेश्वर साधारण पाच किलोमीटर. सुरुवातीला कृष्णाकाठची काळी जमीन, उसाच्या ट्रॉल्या, तोडकऱ्यांच्या खोपी, शेकोटीचा वास. पुढं चढ लागतो आणि मातीचा रंगच बदलतो. मुरूम दिसायला लागतो. या चढाला एक अर्थ आहे. खाली नदी आहे आणि वरची गावं पिढ्यान् पिढ्या तहानलेली होती. ताकारी उपसा सिंचन योजनेनं कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून वर नेलं आणि कडेगाव, पलूस, तासगावच्या शेतांपर्यंत पोचवलं. मुलीला मी एवढंच सांगितलं, की पाणी आपणहून उताराला जातं, इथं माणसांनी ते चढाला लावलंय. ती बराच वेळ मागं वळून नदीकडे बघत चालली होती.

सागरेश्वरचं अभयारण्य बघायचं तर हे ध्यानात ठेवा, की हे जंगल माणसांनी लावलेलं आहे. वाळवा, कडेगाव आणि पलूस या तीन तालुक्यांच्या सीमेवर हे उघडेबोडके डोंगर होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी गावोगावच्या लोकांना बरोबर घेऊन तिथं झाडं जगवली. १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र अवघं १०.८७ चौरस किलोमीटर, आणि आत बारमाही पाण्याचा झरा नाही. तरी तिथं चितळ आहेत, सांबर आहेत, काळवीट आहेत. तेही बहुतेक बाहेरून आणून सोडलेले. फेब्रुवारीत रान वाळकं असतं, पानगळ झालेली. पहिल्यांदा वाटतं, काय बघायचं इथं? पण पानं नसतात म्हणूनच जनावर दिसतं. वाटेच्या वळणावर आम्हाला चितळांचा कळप दिसला, सात-आठ असतील. एक मादी कान ताठ करून आमच्याकडे बघत राहिली. मुलीनं माझा हात घट्ट धरला होता, श्वास रोखून. मग कुठंतरी पाचोळा वाजला आणि सगळा कळप एका क्षणात झाडांत विरघळला.

वर उंचावरून खाली कृष्णाकाठ दिसतो. नदीचं वळण, उसाचा हिरवा पट्टा, आणि दुसरीकडे फिक्या हिरव्या रंगाचे आखलेले चौकोन. त्या द्राक्षबागा. आम्हाला तिकडेच जायचं होतं. पाणी मात्र घरूनच न्या, माणशी दोन बाटल्या तरी. आत मिळेल या भरवशावर राहू नका.

सागरेश्वराच्या देवळात दहा मिनिटं टेकलो. मोठ्या देवळाभोवती लहान लहान देवळांचा मेळा आहे, दगड इतका गार की पाठ टेकली की चढाचा शीण उतरतो. जवळच देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. १२ मार्च १९१३ ला ते इथं जन्मले. देवराष्ट्र्याहून कुंडलपर्यंत वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी जीप, मिळाली, तिच्यातनं गेलो. ऊन चढलं होतं आणि पोरीचे पाय बोलायला लागले होते. कुंडल म्हणजे बेचाळीसच्या लढ्यात इंग्रजांना न जुमानता लोकांनी चालवलेल्या प्रतिसरकारचं गाव, क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाडांच्या तुफान सेनेचं. त्याच्यावर एक वेगळं भाषण व्हायला पाहिजे, म्हणून आज पुढं जाते.

कुंडलपासून किर्लोस्करवाडी स्टेशनापर्यंतचं चालणं, ते खरं आपल्या दिवसाचं पोट. रस्ता सोडून बांधाला लागलो आणि एका बागेपाशी थांबलो. आत तोडणी चालली होती. मी बाहेरूनच हाक मारली, "काका, पोरीला बाग दाखवायची होती. आलं तर चालेल का?"

"या की. त्यात काय विचारायचं? चपला तेवढ्या झाडून या, आणि घडाला हात लावू नको बाळ."

हात का लावायचा नाही, ते त्यांनी दाखवलं. एका घडाच्या मण्यावर त्यांनी अंगठा टेकवला. मण्यावर पांढरट, धुक्यासारखा मेणाचा थर असतो. अंगठा उचलला तर तिथं स्वच्छ हिरवा डाग उमटला. "हा डाग बाजारात दिसतोय बघ. घिऱ्हाईक म्हणतंय, माल हाताळलेला हाय." तोडणाऱ्या बाया म्हणूनच घड देठाला धरत होत्या, कात्रीनं खुट्कन तोडत होत्या आणि कागद अंथरलेल्या क्रेटमध्ये अलगद उताणा ठेवत होत्या. बाळाला पाळण्यात ठेवावं तसा. पहाटे सुरू केलेलं काम खरं तर उन्हाच्या आत उरकायचं असतं, त्या दिवशी ते लांबलं होतं, म्हणून बोलणं कमी आणि कात्र्यांचा आवाज जास्त.

मग काकांनी खिशातून रसाची गोडी मोजायचं एक नळीसारखं यंत्र काढलं. एक मणी चुरडून रसाचा थेंब त्याच्या काचेवर सोडला, झाकण लावलं आणि मुलीला म्हणाले, "उजेडाकडं धर. काय दिसतंय?" वर निळं, खाली पांढरं, मधे रेघ. "रेघ कितीवर हाय?" तिनं वाचलं, "अठरा." "मग गोडी भरली. आता तोडायचं." तिनं तो आकडा घरी येऊन सगळ्यांना सांगितला.

पण मला हलवून गेली ती दुसरी गोष्ट. मी विचारलं, हा घड कधी लागला? मला वाटलं, ऑक्टोबरात म्हणतील. काका म्हणाले, "मे महिन्यात."

श्रोतेहो, हे नीट ऐका. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षाला एकदा छाटली जाते. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून आपला शेतकरी तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, म्हणजे जुन्या काड्या बुडाशी छाटून टाकायच्या. त्यातून नव्या काड्या फुटतात आणि त्या काड्यांच्या डोळ्यांत, म्हणजे पेरांवरच्या कोंबांत, ऐन उन्हाळ्यात, नजरेला न दिसणारा घड तयार होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, तेव्हा तोच घड बाहेर पडतो. मग विरळणी, म्हणजे दाटीतले मणी कात्रीनं एकेक काढायचे. मग औषधाच्या पाण्यात घड बुडवायचे, मणी लांबट व्हावेत म्हणून. छाटणीपासून चार-साडेचार महिन्यांनी तोडणी. म्हणजे आपण फेब्रुवारीत खातो ते द्राक्ष गेल्या मे महिन्यातल्या उन्हात ठरलेलं असतं. त्या मे महिन्यात वेल पाण्यावाचून राहिली, तर पुढच्या वर्षीचा घडच गेला. टंचाईच्या साली आपल्या जिल्ह्यातले शेतकरी टँकरनं विकतचं पाणी आणून बागा का जगवतात, ते मला त्या बांधावर उभं राहून कळलं. झाडावर एकही फळ नसताना ते पाणी घालत असतात.

आणि एवढं करून फुलोऱ्यात पाऊस आला तर गळकूज, म्हणजे घड गळतात आणि कुजतात, तयार मालावर आला तर मणी तडकतात. "मागल्या साली एक व्यापारी माल उचलून गेला, अजून निम्मे पैसे यायचेत," काका म्हणाले. आवाज चढला नाही. मला मात्र राग आला, अजून आहे.

त्यांच्या बागेत तास-ए-गणेश होता. ही जात आपल्याच मातीतली बरं का. तासगाव तालुक्यातल्या बोरगावात वसंतराव आर्वे यांनी थॉमसन या बिनबियांच्या जातीच्या वेलींतून निवडून ती पुढं आणली. आमच्या घरातल्या डब्यातला बेदाणा याच द्राक्षांचा. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. घड द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे आणि बारा-पंधरा दिवस सावलीत, आपल्या कोरड्या हवेवर सुकवायचे. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यात ह्या हवेचाही वाटा आहे.

जाणार असाल तर दोन विनवण्या. बागेत विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. आणि वेलीवरचा मणी तोडून तोंडात टाकू नका, फवारणी कधी झाली ते मालकालाच माहीत असतं. त्यांनी दिली, तर धुऊन खा. काकांनी दिलीच. पैसे घेतले नाहीत. मुलीनं मग दप्तरातली राजगिऱ्याची चिक्की त्यांच्या नातवासाठी दिली, ती मात्र त्यांनी घेतली.

उन्हं उतरताना किर्लोस्करवाडी स्टेशनात पोचलो. याचं जुनं नाव कुंडल रोड. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या बत्तीस एकर माळावर, निवडुंगाच्या रानात, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगराचा कारखाना उभा केला. मी मुलीला म्हटलं, सकाळपासून आपण जे जे पाहिलं ना, जंगल, बाग, हे गाव, ते सगळं आधी असाच माळ होतं. ती म्हणाली, "आणि पाणीपण वर चढवलेलं."

गाडी यायला वेळ होता. फलाटाच्या बाकावर तिनं उरलेली द्राक्षं काढली. एक मणी उजेडाकडे धरून बघितला, अंगठ्यानं पुसला, परत बघितला आणि मग खाल्ला.

निघताना काका म्हणाले होते, "एप्रिलात खरड छाटणीला या. तवा काय दिसत न्हाई, नुसती खोडं. पण या." आम्ही जाणार आहोत, सकाळच्या त्याच गाडीनं.

नमस्कार.