मशीन बदलायची की इम्प्लांट करायचं?

(नागपुरात फॅमिली डॉक्टर आणि ऑडिओलॉजीच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

‘आवाज येतो जी, पण समजत नाही.’ हे वाक्य तुमच्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येत असेल. केसपेपरवर मात्र आपण ‘कमी ऐकू येतं’ एवढंच लिहितो. आजचा निर्णय, म्हणजे श्रवणयंत्र (ज्याला आपण मशीन म्हणतो) बदलायचं की कॉक्लियर इम्प्लांट करायचं हा, जवळजवळ सगळा त्या गाळलेल्या अर्ध्या वाक्यात आहे.

‘कानाची नस सुकली’ असं आपल्याकडे सर्रास सांगतात. बहुतेकदा नस बऱ्यापैकी शाबूत असते. मेलेल्या असतात त्या कॉक्लियातल्या, म्हणजे आतल्या कानाच्या शंखातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी. श्रवणयंत्र आवाज वाढवून उरलेल्या पेशींनाच देतं. पेशीच नसतील तर कल्ला वाढतो, अर्थ वाढत नाही. इम्प्लांट या पेशींना वळसा घालतं. कानामागचा प्रोसेसर आवाजाचे पट्टे पाडतो, डोक्यावर चुंबकाने चिकटलेली कॉइल ती माहिती त्वचेखालच्या रिसीव्हरला देते, आणि कॉक्लियात सरकवलेले इलेक्ट्रोड थेट नसेला विजेचे ठोके देतात. कंपनीनुसार ते 12, 16 किंवा 22 असतात.

हे लहान मुलांचं ऑपरेशन, अशी समजूत पक्की आहे. केंद्र सरकारच्या एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेतून इम्प्लांट मिळतं ते मुलांनाच, म्हणूनही असेल. पण 1978 मध्ये मेलबर्नला ग्रॅम क्लार्क यांनी पहिलं बहुचॅनेल (अनेक इलेक्ट्रोडचं) इम्प्लांट बसवलं ते एका प्रौढ माणसाला, अपघातात ऐकणं गेलेल्या.

मग इम्प्लांटच्या तपासणीला पाठवायचं कुणाला? 2020 मध्ये अमेरिकेत सुचवलेला साठ-साठचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. दोहोंतल्या चांगल्या कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाची सरासरी पातळी 60 डेसिबल किंवा त्याहून वाईट, आणि मशीन न लावता, पुरेशा मोठ्या आवाजात ऐकवलेल्या शब्दांपैकी 60 टक्के किंवा त्याहून कमीच ओळखता येणं. हा पाठवण्याचा नियम आहे, ऑपरेशनचा नाही. ब्रिटनने 2019 मध्ये ठरवलेला निकष जास्त कडक: दोन्ही कानांत 500 ते 4000 हर्ट्झमधल्या किमान दोन फ्रिक्वेन्सींवर 80 डेसिबल किंवा जास्त, शिवाय चांगली मशीन लावून 70 डेसिबलला ऐकवलेल्या शब्दांतले निम्म्याहून कमी ध्वनी ओळखता येणं. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने 2022 मध्ये मशीनसह वाक्यं ओळखण्याची मर्यादा 40 वरून 60 टक्क्यांवर नेली. आकडे वेगळे, पण निकष सगळीकडे सैल होत चालले आहेत.

आता ‘चांगली मशीन’ म्हणजे काय? सगळी गडबड इथेच होते. मशीन निकामी ठरवण्याआधी ती चालते का ते बघा. कानात मळ, कानात बसणाऱ्या साच्याच्या नळीत घाम, सैल साच्यामुळे शिट्टी आणि शिट्टी नको म्हणून कमी केलेला आवाज. नागपूरच्या मे महिन्यात, 45 डिग्रीत, नळीत पाण्याचा थेंब अडकला की मशीन मुकी होते. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची डबी हा स्वस्त उपाय आहे. त्यात घरात कूलर. कूलरच्या घरघरीत चांगल्या कानाचा माणूसही दोनदा विचारतो, तेव्हा ‘कूलर बंद केल्यावर समजतं का?’ हे विचाराच. त्यानंतर कानाच्या पडद्याजवळ बारीक नळी ठेवून मशीन खरंच किती आवाज देते ते मोजायचं. फक्त ‘आता कसं वाटतं काका?’ असं विचारून लावलेली मशीन बहुधा कमीच आवाज देत असते. नीट बसवलेली मशीन निदान तीन महिने रोज वापरली, तरच ‘फायदा नाही’ या शब्दांना वजन.

मग शब्दांची चाचणी. ध्वनिरोधक खोली, समोर एक मीटरवर स्पीकर, रेकॉर्ड केलेला आवाज. परीक्षकाने स्वतः शब्द म्हणू नयेत. ओठ दिसतात, आवाज नकळत चढतो आणि गुण फुगतात. 25 शब्दांच्या यादीत मधल्या गुणांना निव्वळ योगायोगाने वीसएक टक्क्यांचा फरक पडतो, म्हणून काठावरच्या माणसाला 50 शब्द द्या. आणि भाषा त्याची हवी. वऱ्हाडी माणूस ‘डोळा’ ऐकून ‘डोया’ म्हणाला, ‘पाणी’चं ‘पानी’ केलं, तर ती बोली आहे, चूक नाही. ‘सात’चं ‘हात’ केलं तर ती चूक, आणि कामाची चूक: ‘स’ उंच फ्रिक्वेन्सीवर असतो, तिथलं ऐकणं गेल्याची ती खूण.

वय ही अट नाही. भूल झेपत असेल तर ऐंशीच्या आजींचंही होतं. बहिरेपण किती जुनं आहे, हे वयापेक्षा महत्त्वाचं. बोलायला शिकल्यानंतर ऐकणं गेलेल्या माणसाचा मेंदू भाषा ओळखतो. जन्मतः बहिरा, मशीन कधीच न वापरलेला, पस्तिशीचा तरुण आला तर त्याला दाराची बेल, हॉर्न ऐकू येईल. फोनवरचं बोलणं समजेल अशी आशा दाखवू नका. ही फसवणूक हेतूने होत नाही, उत्साहात होते.

एका प्रकारच्या रुग्णाबाबत मात्र मशीन वापरून बघायला तीन महिने थांबायचं नाही. मेंदूज्वरानंतर ऐकणं गेलं की कॉक्लियात हाड भरायला काही आठवड्यांतच सुरुवात होऊ शकते, आणि मग इलेक्ट्रोड सरकवायला जागा उरत नाही. सीटी, एमआरआय लगेच. एरवीही ही दोन्ही लागतातच: हाडाची रचना सीटीत दिसते, नस आणि नसेवरची गाठ एमआरआयमध्ये. मेंदूज्वरापासून बचावासाठी न्यूमोकोकल लस ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी.

ऑपरेशनची भीती सगळे विचारतात. चक्कर, चव बदलणं, उरलंसुरलं ऐकणं जाणं हे सांगायलाच हवं. ऑपरेशननंतरचं कुणी विचारत नाही. साधारण दोन ते चार आठवड्यांनी यंत्र सुरू होतं आणि पहिल्या दिवशी माणसांचे आवाज रोबोटसारखे वाटतात. मॅपिंगसाठी, म्हणजे विजेचे ठोके त्या माणसाला जुळवून घेण्यासाठी, पहिल्या वर्षात पुन्हा पुन्हा यावं लागतं. अहेरीहून किंवा गोंदियाहून येणाऱ्याला तो प्रवास आणि बुडालेली मजुरी आधी मोजून दाखवा. बॅटऱ्या, केबल, कॉइल यांचा खर्च आयुष्यभराचा आहे. घरात रोज समोर बसून बोलणारं कुणी नसेल तर महागडं यंत्रही डबीत जातं.

तुमच्या चिठ्ठीत एवढं असू द्या: ऐकणं कधीपासून कमी, हळूहळू की अचानक, फोनवर बोलणं कधी सुटलं, मेंदूज्वर झाला होता का, टीबीसाठी कॅनामायसिन किंवा अमिकासिनची, कानाला अपाय करू शकणारी, इंजेक्शनं घेतली होती का. आणि मशीन सोबत आणायला सांगा, बंद पडून ड्रॉवरमध्ये पडलेली असली तरी.