उनस्टाड : थंड पाण्यातला कॅमेरा

(दृश्य : बोगद्यातून बाहेर पडणारी गाडी. समोर उपसागर, दोन्ही बाजूंना बर्फाळलेले कडे.)

डोंगरातला एक अरुंद बोगदा, आणि तो संपतो न संपतो तोच समोर समुद्र. हे उनस्टाड. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांपैकी वेस्टवोगोय बेटावरची एक छोटी वाडी. मोजकी घरं, मेंढ्यांची कुरणं आणि नॉर्वेजियन समुद्राकडे तोंड करून असलेला उपसागर. आर्क्टिक वृत्त केव्हाच मागे पडलंय. आपण 68 अंश उत्तर अक्षांशाच्या पुढे आहोत.

फेब्रुवारी महिना आहे. हवेचं तापमान शून्याच्या खाली. किनाऱ्यावरच्या मोठमोठ्या गोट्यांवर बर्फाचा थर. आणि पाण्यात माणसं आहेत. सर्फबोर्डवर बसून ती लाटेची वाट बघतायत.

त्यांच्यापासून थोडं अलीकडे, जिथे लाट फुटते नेमकं तिथेच, आणखी एक डोकं पाण्यावर दिसतंय. त्याच्याकडे सर्फबोर्ड नाही. पायात पोहण्याचे फिन्स, हातात कॅमेरा. आपली ही फिल्म सर्फरांची आहेच, पण जास्त करून ती त्या कॅमेरावाल्याची आहे.

(दृश्य : नकाशा. मेक्सिकोच्या आखाताकडून वर सरकणारा उबदार प्रवाह.)

इतक्या उत्तरेला समुद्र गोठत का नाही? याच अक्षांशावर, ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, हिवाळ्यात समुद्रावर बर्फ साचलेला असतो. लोफोटेनला मात्र पाणी वाहतं राहतं, कारण अटलांटिक ओलांडून येणारं उबदार पाणी नॉर्वेच्या किनाऱ्याला लागून थेट इथवर पोचतं. उबदार म्हणजे किती? हिवाळ्यात साधारण 4 ते 6 अंश सेल्सियस. उन्हाळ्यात फार तर 12-13.

लाटाही दूरवरून येतात. हिवाळ्यात ग्रीनलंड आणि आइसलंडच्या आसपास कमी दाबाचे मोठे पट्टे तयार होतात. तिथलं वादळ शेकडो किलोमीटर पाणी घुसळून काढतं, आणि त्या खळबळीतून निघालेल्या लाटा वादळ मागे टाकून पुढे निघतात. वाटेत त्यांची छाननी होते. लांब लाटा वेगाने पुढे जातात, आखूड लाटा मागे राहतात किंवा विरून जातात. म्हणून उनस्टाडला वारा पडलेला असतानाही लाट मात्र ऐटीत, ठरावीक अंतराने, रांग धरून येऊ शकते. उपसागराच्या दोन्ही टोकांना तळाशी दगडगोटे आहेत, मधे वाळू. एका टोकाची लाट डावीकडे क्रमाक्रमाने फुटत जाते, दुसऱ्या टोकाची उजवीकडे. सप्टेंबर ते एप्रिल हा त्यांचा हंगाम. म्हणजे लाट उत्तम असते तेव्हाच दिवस लहान, बर्फ जास्त आणि वारा बोचरा. इथे सर्फिंग करायचं तर या तिन्हींशी जमवून घ्यावं लागतं.

(दृश्य : लाकडी मांडवांवर टांगलेले मासे. मागे डोंगर.)

सर्फर येण्याच्या कितीतरी शतकं आधीपासून लोफोटेन ओळखलं जातं ते कॉड माशासाठी. जानेवारी ते एप्रिल या काळात बॅरेंट्स समुद्रातून कॉडचे थवे अंडी घालायला इथे उतरतात. पकडलेला मासा साफ करून, शेपटीला शेपटी बांधून, लाकडी मांडवांवर उघड्या हवेत टांगतात. मीठ नाही, धूर नाही. आपल्या वर्सोवा-उत्तनच्या वलांडीवर बोंबील वाळतो तसाच, फक्त तिथे ऊन ते काम करतं आणि इथे थंड कोरडा वारा. तीच थंडी, तोच वारा सर्फरांच्याही वाट्याला येतो. लोफोटेनच्या लोकांनी या हवेशी वैर धरलं नाही, तिला कामाला लावलं. हे लक्षात ठेवलं की पुढची गोष्ट फारशी विचित्र वाटत नाही.

साल 1963. थोर फ्रांत्झेन आणि हान्स एगिल क्राने हे दोन तरुण खलाशी ऑस्ट्रेलिया बघून परतले होते. सिडनीच्या किनाऱ्यावर त्यांनी लोकांना लाटांवर उभं राहताना पाहिलं होतं. नॉर्वेत सर्फबोर्ड विकत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. एका अमेरिकन बँडच्या रेकॉर्डच्या कव्हरवर सर्फबोर्डचं चित्र होतं, त्यावरून आकार बेतला, घरीच सर्फबोर्ड बनवले आणि उनस्टाडच्या पाण्यात उतरले. नॉर्वेतल्या सर्फिंगची सुरुवात म्हणून आज याच प्रसंगाकडे बोट दाखवतात. त्यानंतर बराच काळ इथे फारसं काही घडलं नाही. पुढे फ्रांत्झेन कुटुंबाने इथेच पाहुण्यांची सोय केली, सर्फिंगची शाळा उभी राहिली. 2007 पासून इथे ‘लोफोटेन मास्टर्स’ ही स्पर्धा भरू लागली. जगातली सगळ्यात उत्तरेकडची सर्फिंग स्पर्धा अशी तिची ओळख आहे.

(दृश्य : गाडीची डिकी उघडी. एक जण वेटसूट चढवतोय. श्वासाची वाफ.)

मधल्या काळात जे बदललं ते अंगावरचं कापड. खरं तर कापड नव्हे, रबर. वेटसूटचं श्रेय बहुतेक वेळा ह्यू ब्रॅडनर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाला दिलं जातं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीत तो अमेरिकन नौदलाच्या, पाण्यात बुडी मारणाऱ्या जवानांसाठी पोशाखाचा विचार करत होता. तोवरची धडपड असायची ती माणसाला कोरडं ठेवण्याची. ब्रॅडनरच्या लक्षात आलं की माणूस ओला झाला तरी बिघडत नाही. ऊब टिकवतात ते निओप्रीन रबरात अडकलेले वायूचे बारीक बुडबुडे. त्वचा आणि रबर यांच्यामधे पाण्याचा पातळ थर शिरला तर शिरू द्या, अंगाच्या उष्णतेने तो तापतो. अट एकच, ते पाणी सारखं बदलता कामा नये. म्हणून सूट अंगाला घट्ट बसला पाहिजे.

उनस्टाडला हिवाळ्यात 5 किंवा 6 मिलिमीटर जाडीचा सूट लागतो, त्याला जोडलेली टोपी, जाड बूट आणि हातमोजे. चेहऱ्याचा तेवढा गोल उघडा राहतो. एवढं सगळं चढवल्यावर खांदे फिरवायला दुप्पट जोर लागतो, आणि वजन वाढतं म्हणून बोर्डही जरा जाड घ्यावा लागतो. लाटेखालून बुडी मारली की कपाळात कळ जाते, अशी की क्षणभर डोळ्यांसमोर अंधारी यावी. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने ओढून घेतं. सूट नसलेला माणूस अशा पाण्यात पडला तर पहिल्या मिनिटाला त्याचा श्वासच ताब्यात राहत नाही, आणि दहाएक मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. वर्षानुवर्षं थंड पाण्यात आणि वाऱ्यात राहणाऱ्यांच्या कानाच्या नळीत हाड वाढू लागतं. नळी अरुंद होते, पाणी आत अडकतं, आणि कधी कधी शस्त्रक्रियेची वेळ येते.

आता त्या कॅमेऱ्याकडे वळू.

सर्फर वल्हवत असतो. लाट पकडतो, उभा राहतो, वळतो, पडतो, पुन्हा वल्हवत मागे जातो. त्याचे स्नायू सतत उष्णता तयार करत असतात. फोटोग्राफरचं तसं नाही. त्याला एका जागी तरंगत राहायचं असतं, लाट अंगावर येईपर्यंत. तो थंडीत वाट बघतो, आणि वाट बघण्यानेच थंडी शिरते. शरीर आतले अवयव वाचवण्यासाठी हातापायांचा रक्तपुरवठा कमी करतं. सगळ्यात आधी जातात ती बोटं, म्हणजे नेमकी ज्यांनी बटण दाबायचं ती. म्हणूनच पाण्यातल्या कॅमेऱ्याला बरेच जण पिस्तुलासारखी मूठ आणि मोठा ट्रिगर लावतात. बोटाला स्पर्श कळेनासा झाला तरी अख्खा पंजा आवळता येतो.

(दृश्य : कॅमेऱ्याच्या हाउसिंगची काच. अगदी जवळून.)

कॅमेरा एका जलरोधक डब्यात बंद असतो. त्याला हाउसिंग म्हणतात. ही कल्पना जुनी. 1930 च्या आसपास टॉम ब्लेक या अमेरिकन सर्फरने स्वतःच्या कॅमेऱ्यासाठी असा डबा बनवला आणि लाटेच्या आत जाऊन फोटो काढले. पण ते हवाईच्या उबदार पाण्यात. इथे डबा बंद करण्यापासूनच कसोटी सुरू होते. गरम, दमट खोलीत तो बंद केला तर खोलीतली वाफही आत कोंडली जाते. थंड पाण्यात उतरताच तीच वाफ काचेला आतून धरते, आणि मग त्या फेरीपुरतं सगळं संपलं, कारण पाण्यात डबा उघडता येत नाही. म्हणून तो बाहेरच्या कोरड्या थंड हवेत बंद करायचा, आत ओल शोषणारी पुडी टाकायची. रबराच्या रिंगवर एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला तरी पाणी आत शिरू शकतं. हे सगळं तपासायचं ते आधीच गारठलेल्या हातांनी.

काचेची बाहेरची बाजू हे वेगळंच प्रकरण. तिच्यावर थेंब बसला की फोटोत धुरकट डाग येतो. यावर जगभरचे पाण्यातले फोटोग्राफर एक साधा उपाय करतात. काच जिभेने चाटतात. थुंकीमुळे पाणी थेंब न धरता सलग पातळ पडद्यासारखं पसरतं. उनस्टाडला त्यात भर पडते ती बर्फाची. हवा गोठणबिंदूच्या खाली आणि वारा असेल तर काचेवरचं पाणी पाहता पाहता गोठू लागतं. मग दर थोड्या वेळाने कॅमेरा पाण्यात बुडवायचा. समुद्र हवेपेक्षा उबदार आहे ना! 5 अंशांचं पाणी काचेवरचा बर्फ वितळवतं. बुडव, चाट, लाटेकडे बघ, पुन्हा बुडव. कडाक्याच्या थंडीत फोटोग्राफरचा तासभर असा जातो.

लेन्स कुठली, हेही किनाऱ्यावरच ठरवावं लागतं. फिशआय, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणारी लेन्स, लावली तर सर्फर हाताच्या अंतरावरून गेला तरच फोटो. म्हणजे लाट फुटते त्याच्या पोटात जाऊन थांबायचं, आणि फोटो काढून झाला की लगेच खाली बुडी मारायची, नाहीतर सर्फबोर्डची धार डोक्यावर. लांबची लेन्स लावली तर अंतर राखता येतं, पण मग फोटोत पाण्याचं ते अंगावर येणं राहत नाही. माझं मत विचाराल तर थंड पाण्याचे खरे फोटो जवळचेच. दुरून काढलेल्या फोटोत डोंगर सुंदर दिसतात, सर्फर मुंगीएवढा दिसतो आणि थंडी अजिबात दिसत नाही. जवळच्या फोटोत भुवयांवरचं मीठ दिसतं, लाल झालेलं नाक दिसतं.

थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. ती पाण्यात बदलता येत नाही. म्हणून पाण्यात असताना प्रत्येक लाटेवर ट्रिगर दाबत सुटायचं नसतं. कुठली लाट सोडायची हे कळणं हीच अर्धी कला आहे.

(दृश्य : डोंगराच्या कडेला टेकलेला सूर्य. लाटेच्या माथ्यावरून मागे उडणारे तुषार.)

एवढं सोसून लोक इथे येतात ते प्रकाशासाठी. डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत इथे सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी काही तास निळसर उजेड असतो, तेवढाच. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये सूर्य परततो आणि दिवसभर डोंगराच्या कडेकडेने, खालच्या अंगाने फिरतो. आपल्याकडे जे सोनेरी ऊन संध्याकाळी थोडा वेळ मिळतं, ते इथे कित्येक तास पुरतं. लाट उभी राहिली की ऊन तिच्या आरपार जातं आणि पाणी बाटलीच्या काचेसारखं हिरवं होतं. कॅमेरा मात्र बर्फाला फसतो. एवढं पांढरं समोर बघून तो फोटो काळसर काढतो, बर्फ राखाडी येतो. म्हणून प्रकाश हाताने वाढवून द्यावा लागतो.

क्रिस बर्कार्डसारख्या फोटोग्राफरांनी नॉर्वे, आइसलंड, अलास्का अशा ठिकाणचे फोटो जगभर पोचवले, आणि सर्फिंग म्हणजे नारळाची झाडं हे समीकरण मोडलं. त्याचा दुसरा परिणामही झाला. लोफोटेनच्या अरुंद रस्त्यांवर गर्दी वाढली. फोटो बघून येणाऱ्या माणसाने एवढं ध्यानात ठेवावं, की तो जिथे गाडी लावतोय ते कुणाचं तरी कुरण असू शकतं.

(दृश्य : पाण्यातून बाहेर आलेला फोटोग्राफर. बादलीत उभा राहून बूट काढतोय.)

बाहेर आल्यावरची दहा मिनिटं सगळ्यात वाईट. बोटांना चेनचा दांडाही धरता येत नाही. जाणते लोक गाडीत कोमट पाण्याचा कॅन ठेवतात आणि ते सरळ हातमोज्यांत, बुटांत ओततात. मग झिणझिण्या येतात, आणि त्या चांगल्याच दुखतात. कॅमेरा मात्र लगेच घरात न्यायचा नाही. पिशवीत बांधून ठेवायचा, सावकाश गरम होऊ द्यायचा, नाहीतर त्याच्यावर दव धरतं.

(दृश्य : रात्र. डोंगरावर हिरवा उत्तर ध्रुवीय प्रकाश. पाण्यात एक आकृती.)

आणि शेवटी ती रात्र, जिच्यासाठी काही जण वर्षानुवर्षं हिवाळ्यात इथे येतात. आकाशात हिरवा उत्तर ध्रुवीय प्रकाश आणि खाली लाटेवर माणूस, दोन्ही एकाच फोटोत. हे इतकं अवघड का, ते सांगतो. आकाशातला तो प्रकाश मंद असतो, तो नीट टिपायला शटर काही सेकंद उघडं ठेवावं लागतं. लाटेवरचा माणूस पुसट न होता हवा असेल तर शटर सेकंदाच्या एक हजाराव्या भागात मिटायला हवं. दोन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत. म्हणून फोटोग्राफर किनाऱ्यावर तिपाई रोवतो, सगळ्यात उघडी लेन्स लावतो, सेन्सरची संवेदनशीलता शक्य तेवढी वाढवतो. चांदणं असेल तर जरा मदत होते. प्रकाश प्रखर व्हायला हवा, ढग नकोत, लाट यायला हवी, आणि सर्फरला अंधारात ती लाट दिसायला हवी. फ्लॅश मारला तर माणूस स्पष्ट येतो, पण लाटेवरचा हिरवा रंग मरतो. फ्लॅश न मारता काढलेल्या फोटोत दाणे दिसतात, सर्फरचे हात आणि बोर्डचं टोक पुसट येतं. संगणकावर ते गुळगुळीत करण्याचा मोह होतो. करू नये. तो माणूस त्या अंधारात खरोखर किती वेगाने चालला होता, हे त्या पुसटपणातच दिसतं.