कोपी दिसली की वेग कमी

[दृश्य: उसाचा हंगाम, संध्याकाळ. कोल्हापूर–गगनबावडा रस्ता. दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर.]

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या रस्त्यांकडेला मोकळ्या रानात कोपी, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. बीडकडून, मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड कुटुंबांच्या. जाणता ड्रायव्हर कोपी दिसली की वेग कमी करतो. रस्ता रिकामाच असतो. पण कोपी आहे म्हणजे लहान पोरं आहेत, आणि पोरं कधीही रस्त्यावर धावत येतील, हे त्याला ठाऊक असतं.

विनाचालक गाडीला हे कसं कळणार?

[दृश्य: रात्रीचा रुंद, मोकळा रस्ता.]

मार्च 2018. अमेरिकेतलं टेंपी शहर. उबरची चाचणीवरची गाडी सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेवर आदळली आणि ती दगावली. तपासात निघालेली गोष्ट सुन्न करणारी आहे. धडकेच्या 5.6 सेकंद आधीच ती महिला गाडीच्या सेन्सरना दिसली होती. पण यंत्रणा तिला कधी वाहन समजली, कधी सायकल, कधी आणखी काही. आणि दरवेळी तिच्या आधीच्या हालचालीचा हिशेब पुसला गेला. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस भलतीकडून रस्ता ओलांडेल, हे त्या यंत्रणेत धरलेलंच नव्हतं.

नजर होती. अंदाज नव्हता.

व्हिजन-लँग्वेज मॉडेलकडून आशा आहे ती इथेच. कृत्रिम बुद्धिमत्तेची ही मॉडेलं चित्र आणि शब्द एकत्र शिकतात. ओपनएआयचं 2021 मधलं क्लिप 40 कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर शिकलं. लंडनच्या वेव्ह कंपनीचं 2023 मधलं लिंगो-1 गाडीचा वेग का कमी झाला, ते वाक्यात सांगू लागलं. माणसांनी लिहून ठेवलेल्या अनुभवातून अशा मॉडेलला कळतं, की रस्त्यावर चेंडू आला तर मागून मूल येईल.

पण ब्रेक त्याच्या हाती देऊन चालणार नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर पुढे जाते, आणि मोठ्या मॉडेलला उत्तर जुळवायला वेळ लागतो. शिवाय नसलेली गोष्टही ते ठामपणे सांगू शकतं. म्हणून ब्रेक साध्या, चपळ यंत्रणेकडेच हवा. मॉडेलने लांबचं पाहावं आणि ‘इथे जपून’ एवढं वेळेत सांगावं. वेग कमी करायला सांगण्याची मुभा त्याला असावी, वाढवायला सांगण्याची नको, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

[दृश्य: कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या म्हशी, रिक्षा, गर्दी.]

आपल्या रस्त्यांची चित्रं जमवायचं काम हैदराबादच्या ट्रिपल आयटी या संस्थेने केलं आहे. हैदराबाद-बंगळूरच्या रस्त्यांवरची सुमारे 10 हजार चित्रं, त्यांत रिक्षा आणि जनावरांनाही वेगळी खूण. मोलाचं काम आहे ते. पण त्या यादीत कोपी नाही. आणि कोपीचा अर्थ चित्रात दिसतही नाही, तो कुणीतरी सांगावा लागतो.

सांगणारी माणसं इथेच आहेत. दाजीपूरच्या वाटेवर एक गवा रस्ता ओलांडून गेला, तरी मुरलेला ड्रायव्हर गाडी लगेच पुढे काढत नाही. मागे कळप असेल म्हणून थांबतो. अशा ड्रायव्हरच्या शेजारी बसायला हवं. त्याचा पाय ब्रेककडे गेला, तो क्षण कॅमेऱ्यात घ्यायचा. मग तेच चित्र त्याला दाखवून विचारायचं, ‘मामा, इथं का थांबला?’ आणि तो जे सांगेल ते त्याच्याच मराठीत, चित्राला जोडून लिहून ठेवायचं.